राजाचा उंदीर आणि शाळेचे अंडे

महाराष्ट्रात ‘आपली खाद्यपरंपरा’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने केला जातो तो पाहता, या परंपरेची एकच अधिकृत प्रत कोठेतरी कुलूपबंद असावी आणि तिची किल्ली गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांकडे सोपवलेली असावी, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः अशा प्रती पुष्कळ आहेत आणि त्यांतील एक तर रीतसर छापलेली आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८), ज्याने ‘भूलोकमल्ल’ हे बिरुद धारण केले होते, त्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमारास सिद्ध झाला, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो विसाव्या शतकात संपादून प्रसिद्ध केला. पाच विंशतींच्या, म्हणजे वीस-वीस अध्यायांच्या पाच गटांच्या, या ग्रंथात राज्य मिळवण्यापासून झुंजीचे कोंबडे पारखण्यापर्यंत राजाला लागणारे सर्व काही आहे, आणि त्यातच ‘अन्नभोग’ या नावाचे एक प्रकरण आहे.

हा ग्रंथ मराठी माणसाला अपरिचित नाही. त्यात काही मराठी पंक्ती सापडत असल्यामुळे भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करावयाचे झाले की अभ्यासक त्याच्याकडे धाव घेतात. इडली व दोसा यांचे पूर्वज, म्हणजे ‘इड्डरिका’ आणि ‘धोसक’, त्यात नोंदलेले असल्यामुळे खाद्यसंस्कृतीवर व्याख्याने देणारी मंडळीही त्याचा आदराने उल्लेख करतात. तथापि उद्धृत करण्याचे हे काम बहुधा इड्डरिकेपाशी येऊन थांबते. पान उलटणारा मात्र वेगळ्याच मुदपाकखान्यात जाऊन पोहोचतो.

तेथे बोकड, रानडुक्कर, हरिण आणि मासे ही अपेक्षित मंडळी आहेतच. शिवाय कलेजीचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून दह्यात सोडण्याची रीत आहे, आतडी भरून भाजण्याची आहे, आणि पाय व कवच काढून कासव शिजवण्याचीही आहे. परंतु खरी आस्था दिसते ती उंदराच्या बाबतीत. घरातला उंदीर येथे चालत नाही. तो शेतात किंवा नदीकाठी पोसलेला, काळा आणि धट्टाकट्टा असावा लागतो. अशा उंदराला शेपटीस धरून कढत तेलात अंगावरचे केस सुटून येईपर्यंत तळावयाचे, मग ऊन पाण्याने धुऊन पोट फाडावयाचे आणि आतला ऐवज आंबट व मीठ घालून शिजवावयाचा. अथवा दुसऱ्या रीतीने, उंदीर लोखंडी सळईला लावून लाल निखाऱ्यावर धरावयाचा आणि वरची कातडी करपून आक्रसली की त्यावर मीठ-जिरे भुरभुरावयाचे. शेपटीस धरण्याची सूचना वाचल्यावर हा मजकूर ऐकीव माहितीवर रचलेला नाही, याविषयी शंका उरत नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजाच्या ताटात मानाने बसलेला हा उंदीर भाषाभिमान्यांच्या आणि खाद्याभिमान्यांच्या हातून मात्र दरवेळी सुखरूप निसटतो.

राजाची चैन अपवाद मानून सोडून द्यावी, तर धर्मशास्त्रही अडचणीतून सोडवत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पाच नखांच्या प्राण्यांपैकी साळिंदर, घोरपड, कासव, ससा आणि गेंडा खाण्यास मुभा दिलेली आहे, आणि लगेच पुढच्याच श्लोकात लसूण, कांदा, अळंबी व गावकोंबडा हे पदार्थ जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, असे बजावलेले आहे. या निकषावर पाहिले असता ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावलेल्या आणि आत गणपतीच्या तसबिरीखाली मशरूम मसाला, लसणीची चटणी व वर कापलेला कांदा पुरवणाऱ्या हॉटेलात दिवसभर सामूहिक पतन चालू असते, आणि गेंडा शिजवणारा एखादा इसम मात्र निर्दोष ठरतो. अर्थात त्या इसमाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा गाठतो, कारण मनूने सोडलेले हे पाचही प्राणी त्या कायद्याने कमी-अधिक कडक संरक्षणात घेतलेले आहेत. घोरपडीचे भाग्य विशेष म्हणावे लागेल: स्मृतीने तिला पातेल्यात जागा दिली, दंतकथेने सिंहगडाच्या कड्यावर दिली आणि कायद्याने थेट पहिल्या अनुसूचीत दिली. उंदराची गणना मात्र याच कायद्याने मुळात कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांत केली होती.

यावरून एखाद्या प्राण्याच्या अंगी खाद्यपणा वा अखाद्यपणा उपजत असतो, हे गृहीतक टिकत नाही. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील कातकरी समाज, ज्याचा समावेश केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे, भाताच्या बांधातील बिळे खणून उंदीर काढतो, ते भाजून खातो आणि बिळात साठवलेल्या भाताच्या लोंब्याही घरी नेतो. प्राणी तोच, शेतातला, निखारे तेच. फरक इतकाच की सोमेश्वराने खाल्ला तेव्हा त्याला भोग म्हणतात आणि कातकऱ्याने खाल्ला की मागासलेपण. शेतकऱ्याला उंदरांच्या बंदोबस्तासाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तो अर्थातच प्रगत उपाय होय, कारण त्यात उंदीर मरतो पण कोणाचे पोट भरत नाही.

आतड्यांचे आणि रक्ताचेही असेच आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली आहे, तीत वजडी (बोटी, म्हणजे पोट व आतडी), शिजवून घट्ट केलेले रक्त आणि चान्या (मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेला साठा) यांना त्यांची जागा मिळालेली आहे. गावाने ज्यांच्या वाट्याला जनावराचे टाकाऊ भाग आणि मेलेली ढोरे ठेवली, त्यांनाच त्यावरून अमंगळ ठरवण्याची सोयही गावाने करून ठेवली होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले आणि अनेकांनी ते मनावर घेतले. त्यामुळे गावाचा विटाळ गेला, अशी नोंद मात्र कोठे आढळत नाही. आज कोल्हापुरात रक्ती-मुंडी चवीने खाल्ली जाते, आणि शहरांतील महागड्या उपाहारगृहांत ‘जनावराचा कोणताही भाग वाया न घालवणे’ हे नवे तत्त्वज्ञान म्हणून वाढले जाते. ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने पाळावे लागले, त्यांना या तत्त्वज्ञानाचे आचार्यपद देण्याचा विचार अद्याप कोणी केलेला नाही.

प्रतिष्ठा चढण्याची प्रक्रिया अलीकडे तर फारच वेगवान झाली आहे. झाबुआच्या भिल्लांनी पाळलेली, मांसासकट काळी असणारी कडकनाथ कोंबडी २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख, घेऊन मोकळी झाली. पुढच्याच वर्षी तेथील कृषी विज्ञान केंद्राने विराट कोहली व क्रिकेट नियामक मंडळ यांना पत्र लिहून हीच कोंबडी खाण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडकनाथपालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे प्रकरण गाजले. पक्ष्याला प्रतिष्ठा मिळाल्याचा याहून भक्कम पुरावा या राज्यात मागता येत नाही. ओडिशातील मयूरभंजच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीलाही २०२४ च्या जानेवारीत मानांकन मिळाले. दोन्ही प्रसंगी मुंगी आणि कोंबडी होती तशीच राहिली. फक्त खाणाऱ्यांची यादी बदलली.

सोवळेपणाचे वेळापत्रकही याच चालीने ठरते. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा करणारे घर सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांग लावते, आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शेजारच्या सुक्या बोंबलाच्या वासाने अस्वस्थ होते. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश काढले आणि त्यासाठी १९८८ च्या एका ठरावाचा दाखला देण्यात आला. परंपरा सदतीस वर्षांचीही असू शकते, हे या निमित्ताने स्पष्ट झाले. (सोमेश्वराची कल्याणी ती ही नव्हे, ती कर्नाटकातील बसवकल्याण होय, त्यामुळे राजाच्या मुदपाकखान्याला हा आदेश लागू झाला नसता.)

या साऱ्या वादांचे सार एका पांढऱ्या, निरुपद्रवी वस्तूत येऊन साठले आहे. तारांकित हॉटेलच्या न्याहारीत अंडे कसे हवे, असे विचारणारा आचारी वेगळा नेमलेला असतो. शाळेच्या पोषण आहारात मात्र, जेथे ते कोणत्या मुलाला हवे असेल हे विचारण्याचीही फारशी गरज नाही, ते आठवड्यातून एकदा देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला. न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय ठेवली असतानाही त्यावरून गहजब झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठी व खिरीच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी लोकसहभागातून व्यवस्था पाहावी, असे कळवण्यात आले. त्यामुळे मुलांच्या अंड्याचा प्रश्न आता शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत गावातील प्रतिष्ठित मंडळींपुढे मांडला जातो, आणि त्यांतील निम्म्यांचा त्या दिवशी नेमका वार असतो.