तुमच्यावाचून अडलं पाहिजे! : होतकरू प्रोग्रामरसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! कॉलेज संपलं, ऑफर लेटर आलं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिला दीड तासही घालवून झाला. आता मांडीवर कंपनीचा लॅपटॉप आहे आणि त्यात दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला कोड. टीम लीड सांगेल, ‘कोड स्वच्छ लिही, उद्या दुसऱ्याला वाचता आला पाहिजे.’ मान डोलवा आणि सोडून द्या. दुसऱ्याला वाचता आला तर तुमची गरज काय उरली? नोकरीत मूळ धरायचं असेल तर मंत्र एकच, आपल्यावाचून अडलं पाहिजे. त्यासाठीच्या सहा पायऱ्या स्वानुभवातून पुढे देत आहे.

पायरी १ : नावं ठेवा

मराठी माणसाला नावं ठेवायला शिकवावं लागत नाही. तरी कोडमध्ये ठेवायची वेळ आली की बारशाइतका विचार करू नका. टेम्प, टेम्प१, डेटा, डेटा२, फायनल, फायनल-न्यू हे घराणं जुनं आहे, त्यातलंच एक उचला. यादीचं नाव ‘थकीत हप्ते’ ठेवलंत तर आत थकीत हप्ते आहेत हे कोणालाही कळेल. ‘लिस्ट२’ ठेवलंत तर विचारायला लोक तुमच्या खुर्चीपाशी येतील, आणि चहाही तेच पाजतील. नावाचा कामाशी मेळ नसेल तर दुधात साखर. ‘चेक’ नावाच्या फंक्शनने रक्कम तपासता तपासता गिऱ्हाइकाला ईमेलसुद्धा धाडावा.

पायरी २ : आकडे पेरा

आकड्याला नाव देणं म्हणजे गुपित फोडणं. १२ हवा तिथे सरळ १२ लिहा. जीएसटीचा दर १२, वर्षाचे महिने १२, खोक्यातले तुपाचे डबे १२. सगळे सारखे दिसतात, हीच गंमत आहे.

मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडायची वेळ येते. सरकारने १२ टक्क्यांचा टप्पा काढून टाकलाय आणि त्यातला बहुतेक माल ५ टक्क्यांत गेलाय. आदल्या रात्री अकरा वाजता टीममधलं नवं पोर ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडतं आणि १२ च्या जागी ५ घालतं. दोनशे ठिकाणी बदल झाला, असं स्क्रीनवर उमटतं. पोर निवांत झोपतं.

सकाळी तुपावरचा कर अगदी बरोबर येतो. फक्त वर्ष पाच महिन्यांचं झालेलं असतं. वर्षाच्या व्याजाला १२ ने भागून महिन्याचं व्याज काढणारी ओळ आता ५ ने भागते, म्हणून कर्जदाराला जवळजवळ अडीचपट व्याज लागतं. खोक्यात पाचच डबे भरतात, उरलेले सात गोदामात कोणाच्याच हिशेबात नाहीत. आता दोनशे जागी बसून कोणता ५ खरा आणि कोणता मुळातला १२, हे निवडायचं. सांगू शकेल असा माणूस एकच, तुम्ही. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचे तुम्ही.

‘तूप-जीएसटी-दर’ असं नाव एकदाच लिहून त्याच्यापुढे १२ मांडला असता, तर एक आकडा बदलून काम संपलं असतं आणि तुम्हाला कोणी फोनही केला नसता. एवढं एकटेपण कोणाला सोसतं?

पायरी ३ : कॉमेंट लिहा, पण सांगू काही नका

‘आय’ मध्ये एक मिळवणाऱ्या ओळीवर ‘आय मध्ये एक मिळवला’ अशी कॉमेंट जरूर लिहा. एक का मिळवला, ते मात्र पोटात ठेवा. ते कारण तुमच्याबरोबरच जायला हवं. अवघड जागी ‘इथे हात लावू नये’ एवढंच लिहावं. भिंतीवरच्या ‘येथे थुंकू नये’ या पाटीपेक्षा ते नक्कीच जास्त पाळलं जातं.

ओळींमध्ये, शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडू नका. मोडी लिपीचा आदर्श ठेवा. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखणी उचलायची नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि वाचणारे मोजके. त्या मोजक्यांना केवढा मान आहे बघा! फरक एवढाच की मोडी लिहिणाऱ्यांना पटापट लिहून काम उरकायचं होतं, आणि त्यांच्या काळी ती वाचणारे पुष्कळ होते.

पायरी ४ : माळ्यावर टाका

श्रीखंडाचा रिकामा डबा आपण फेकत नाही, मग चालता कोड फेकायचा कशाला? वापर संपला तरी राहू द्या. ‘लागला तर?’

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणारी नाइट कॅपिटल ही अमेरिकन कंपनी असाच माळा बाळगून होती. ‘पॉवर पेग’ नावाचा भाग २००३ सालीच वापरातून गेला होता, पण कोडमध्ये तसाच पडून होता. २०१२ मध्ये नवं काम आलं तेव्हा त्यासाठी पॉवर पेग चालू करणारा जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला, नवा कशाला करायचा? नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला, फ्लॅग लागला, आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग उठून बसला. तो ऑर्डरी सोडतच राहिला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं आणि पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जुना भाग वेळीच पुसून टाकला असता तर आठव्या सर्व्हरवर जागं व्हायला काही उरलंच नसतं. पण मग मी तुम्हाला हे उदाहरण कुठून दिलं असतं?

पायरी ५ : कोणाला दाखवू नका

तीस ओळींचा बदल दाखवला की समोरचा त्या वाचतो आणि शंका काढतो. म्हणून तीन हजार ओळी साठू द्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला रिव्ह्यूला टाका. ‘छान दिसतंय’ असं उत्तर पाच मिनिटांत येईल. टेस्ट लिहिल्या आहेत का असं कोणी विचारलंच, तर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणा.

रिव्ह्यूविना बदल थेट कामाला लावायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आख्यायिका अशी की राघोबादादांच्या हुकमात ‘नारायणरावांस धरावे’ होतं, आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’ चा ‘मा’ केला. एका अक्षराचा बदल! कोणी दुसऱ्याने वाचला नाही, थेट गारद्यांच्या हाती गेला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशव्यांचा खून झाला. बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ लिनस टॉर्वाल्ड्सने २००५ मध्ये तयार केलं. त्यातली ‘ब्लेम’ ही आज्ञा कुठली ओळ कोणी आणि कधी बदलली ते सांगते. गिट तेव्हा असतं, तर अडीचशे वर्षं चाललेला वाद एका आज्ञेत मिटला असता.

पायरी ६ : वाढा, पण शिकू नका

मीटिंगमध्ये काही कळलं नाही तरी ‘कळलं’ म्हणा. दुसऱ्याचा चांगला कोड वाचू नका, सवय बिघडते. दर सहा महिन्यांनी नव्या फ्रेमवर्कचा कोर्स सुरू करा, तिसऱ्या व्हिडिओला सोडा आणि प्रोफाइलवर मात्र चढवा. यंत्राने लिहून दिलेला कोड न वाचता चिकटवा. आपण वाचलाच नाही म्हटल्यावर चूक आपली कशी? आणि नोकरी सोडताना केटी, म्हणजे पुढच्याला कामाची माहिती, द्यायची ती नोटीस पिरियडच्या शेवटच्या दिवशी, केक कापायच्या आधीच्या अर्ध्या तासात.

फलश्रुती

या सहाही पायऱ्या मी मन लावून चढलो, आणि मंत्र फळला. माझ्यावाचून खरंच अडू लागलं. अप्रेझलला मॅनेजर प्रेमाने म्हणाले, ‘तुला इथून हलवलं तर हे सांभाळणार कोण?’ म्हणून हलवलं नाही. ऑनसाइट गेली ती पलीकडच्या टेबलावरची मुलगी. तिचा कोड कोणालाही वाचता येत होता, त्यामुळे तिला सोडणं सोपं होतं. खांबाची गरज सगळ्यांना असते, म्हणून तर त्याला कोणी जागचा हलवत नाही.

त्याच वर्षी गणपतीला गावी गेलो. चतुर्थीला घरात आरती सुरू झाली आणि फोन वाजला. आमच्या वाडीत रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर, म्हणून तिथे लॅपटॉप घेऊन बसलो. समोर ‘प्रोसेस२’ नावाचं फंक्शन, चारशे ओळींचं. माझंच. काही ग्राहकांना व्याज दोनदा लागत होतं आणि दोन तास वाचूनही का ते कळेना. मधोमध कॉमेंट होती, ‘इथे हात लावू नये.’ ती मी लिहिली होती हे आठवत होतं, का ते आठवत नव्हतं. शेवटी एक ओळ तात्पुरती बंद करून वेळ निभावली. तोवर आतून ताट आलं होतं. मोदक गार झाले होते.

परत आल्यावर त्या चारशे ओळींचे नऊ तुकडे केले आणि प्रत्येकाला तो जे करतो तेच नाव दिलं. ‘प्रोसेस२’ मधून निघालेल्या एका तुकड्याचं नाव ‘थकबाकीवर व्याज आकारा’ झालं. तो नुकत्याच लागलेल्या मुलाला वाचायला दिला. दहा मिनिटांत त्याने मान वर करून विचारलं, ‘हे दोन ठिकाणाहून बोलावलंय. व्याज दोनदा नाही का लागणार?’

पुढच्या गणपतीत आरतीला मी घरात होतो. मोदक गरम होते.