उभ्यानं खाल्लेलं मोजत नाहीत

हाउन्स्लो, लंडन
शनिवार, दुपार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तुमचे चिरंजीव आज सकाळी धावले. चष्मा पुसू नका, तेच लिहिलंय. ज्या कामठीत एनसीसीचे अधिकारी घडतात, त्याच कामठीत परेडच्या दिवशी नेमका ज्यांचा पाय मुरगळायचा, ते आज बुशी पार्कात हरणांच्या देखत पाच किलोमीटर संपवून आले. थोडं पळत, बरंचसं चालत. वेळ 51 मिनिटं.

या धावेचं नाव पार्करन. दर शनिवारी सकाळी 9 वाजता, आणि फुकट. ‘फुकट’ कळल्यावरच चिरंजीवांचा निश्चय पक्का झाला. 2 ऑक्टोबर 2004 रोजी याच बागेत 13 जण धावले होते. तिथून हे लोण देशोदेशी गेलं. यातली खरी माणुसकीची सोय म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक. तो असतोच, त्यामुळे शेवटचा नंबर कुणाचाच येत नाही. चिरंजीवांची या स्वयंसेवक काकांशी आता चांगलीच घसट झाली आहे.

बाबांनी मागे फोनवर विचारलं होतं, “काहून बे, गार्ड्सचे पोट्टे छावणीत पाठीवर ओझं घेऊन पळतात, अन् तू रिकाम्या हातानं हाफून राहिला?” बाबा, त्याला इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. पहिल्या आठवड्यात मिनिटभर पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. ऐकून हसू येतं खरं. पण दम लवकर वाढतो, गुडघे-घोट्यांना मात्र सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी शौर्य गाजवणारा तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसतो. (जानेवारीत घरात तेही होऊन गेलं. कळवलं नव्हतं.)

वजनाची मात्र तऱ्हा निराळी. दोन महिने धावून काटा 84 वरून 85 वर गेला. “स्नायू वाढले,” असं चिरंजीवांचं निदान. सुनेनं त्यांची खाण्याची वही काढली. वहीत रोज सोळाशे कॅलरी, अक्षर सुवाच्य. त्या हिशेबानं माणूस एव्हाना निम्मा दिसायला हवा होता. मग उलगडा झाला: नातीच्या ताटातला उरलेला पराठा, फोडणीच्या वेळी उचललेले मूठभर शेंगदाणे, रात्री फ्रिजच्या उजेडात संत्रा बर्फी, यातलं काहीच वहीत नाही. उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसतं, असा त्यांचा नियम!

हा नियम त्यांच्या एकट्याचा नाही. “कमी खातो तरी वजन उतरत नाही” म्हणणाऱ्या दहा जणांचं अमेरिकेत नीट मोजमाप झालं होतं. 1992 साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. मंडळींनी खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम 51 टक्के जास्त. आई, हे दहाही जण कामठीचे नव्हते.

शिवाय धावून आल्यावर तर्री-पोहे. चिरंजीवांच्या वजनाच्या माणसाच्या पाच किलोमीटरमध्ये फार तर चारशे कॅलरी जळतात. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे 120. आणि तर्री म्हणजे काय, हे नागपूरकडच्या माणसानं तुम्हाला काय सांगावं! तीनदा वाढून घेतली की हरणांसमोरचा घाम हरणांनाच दान.

बाबांच्या सांगण्यावरून दीक्षित सरांची आहारपद्धतही करून झाली. आपल्या नागपूरच्या जिचकारांपासून आलेली, म्हणून श्रद्धाही होती. दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवण. पण 55 मिनिटं ही मर्यादा आहे, आव्हान नव्हे, हे सुनेला दोन्ही वेळा सांगावं लागलं.

आता घरात दोनच गोष्टी चालू आहेत. आठवड्यातून दोनदा दहा किलोची कणकेची पिशवी छातीशी धरून उठाबशा. नुसतं वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात म्हणून. आणि ताटात वरण घट्ट. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात, ती पाणी घालून वाढत नाहीत.

वजनकाटाही माळ्यावर गेला. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 सालचा फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के आणि साहेबांच्या अंगात 9.1. आपल्या लोकांचा काटा असा लबाड, म्हणून दोरा. उंचीएवढा घ्यायचा, दुमडून निम्मा करायचा, तो कमरेभोवती पुरला पाहिजे. चिरंजीवांना चार बोटं कमी पडला. आई, तुम्ही बांधायच्या तो करदोडा कधी कमी पडल्याचं आठवतं का?

पुढच्या पार्सलात जवसाची चटणी हवी. पण तीही बेतानं, जवसातही तेल असतंच. संत्रा बर्फी अजिबात नको.

तुमची सून

ता. क. वरचं पत्र पाकिटात घालताना वाचलं. गुरुवारी फ्रिजसमोर दोघंजण उभे होते. बर्फी पाठवावी. — चिरंजीव