हॉस्टेलातला बेळगावकर

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हॉस्टेलांत जे नाना तऱ्हेचे पाहुणे उतरतात, त्यांत बेळगावकर चटकन ओळखू येतो. बाकीचे पाठीला सॅक लावून येतात. याच्या हातात सॅकखेरीज मिठाईचा पुडाही असतो. पुड्यात कुंदा. तो कुणासाठी आणला हे त्यालाही सांगता येत नाही. परक्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही एवढे त्याच्या अंगात मुरलेले असते, आणि पैसे मोजून घेतलेली वरची खाट हेसुद्धा त्याच्या लेखी कुणाचे तरी घरच असते.

हा प्रकार हणजूण, वागातोर, हरमल या भागात शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत आढळतो. चोर्ला घाटाने बेळगाव-पणजी अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. त्यामुळे गोव्याला जाणे ही गोष्ट तो प्रवासात धरत नाही. खडेबाजारात जाऊन येतो म्हणावे, तसे तो गोव्याला जाऊन येतो म्हणतो. वाटेत कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. समुद्र इतका जवळ असताना ती त्याला पाठ दाखवते आणि कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. बेळगावकराला हा तिचा आडमुठेपणा वाटतो. तो आपली फटफटी उताराला लावतो.

अनोळखी माणसांनी एका खोलीत स्वस्तात निजायचे, ही कल्पना युरोपात रिखार्ड शिरमान या जर्मन शाळामास्तराने रुजवली. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात त्याचे कायमचे युवा वसतिगृह उघडले. पंढरपूरच्या धर्मशाळेत आणि मावसबहिणीच्या लग्नात कार्यालयाच्या सतरंजीवर चाळीस जणांत झोपलेल्या माणसाला यात नवल कसले? आठ खाटांची खोली, त्यात प्रत्येकाच्या उशाशी वेगळा दिवा आणि वर पडदा, हा त्याला जवळजवळ एकांतवास वाटतो. स्वतःचा पडदा तो कधी ओढत नाही. दुसऱ्याने ओढला तर बाहेरून काळजीने विचारतो, "बरं नाही काय रे?"

त्यातून तो उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात कामाला असला, तर पहिली अर्धी रात्र खाटेची तपासणी चालते. वर चढताना खाट करकरली की तो खाली उतरतो, मोबाइलच्या उजेडात सांधा निरखतो, वेल्डिंग करणाऱ्याला दोन शब्द वाहतो, आणि गाडीच्या डिकीतला पाना आणून नट आवळतो. मग समोरची खाटही हलवून बघतो. तीत इस्रायलहून आलेली मुलगी झोपलेली आहे हे त्याच्या ध्यानात जरा उशिरा येते. सकाळी मात्र सगळी खोली त्याला नावाने हाक मारू लागते.

हॉस्टेलात परिचयाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तू कुठला? इतरांचे उत्तर एका शब्दात आटोपते. बेळगावकराला ती सोय नाही. नकाशात २०१४ पासून बेळगावी, तोंडात बेळगाव, इथूनच सुरुवात करावी लागते. मग तो मिठाची बाटली बेळगाव म्हणून मांडतो, सॉसची निपाणी, काडेपेटी खानापूर, आणि पलीकडे बीअरचा मोठा मग बंगळूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मीठ मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात कसे ठेवले, १९६६ साली महाजन आयोग का नेमला आणि महाराष्ट्राने त्याचा अहवाल का नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात कसा पडून आहे, हे सगळे क्रमाने येते. समोरच्या डच माणसाने प्रश्न केवळ शिष्टाचार म्हणून विचारलेला असतो. बंगळूर कोमट होते. शेवटी तो बिचारा विचारतो, म्हणजे तू नक्की कुठला?

"टिळकवाडीचा."

गावात दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांसाठी कडकडून भांडणारा हाच गडी इथे मात्र फुकटात दुभाष्या होतो. बंगळूरच्या संगणकवाल्यांशी कानडी, पुण्याच्या पोरांशी मराठी, रखवालदाराशी हिंदी आणि स्वयंपाकघरातल्या बाईंशी आपल्या पद्धतीची कोकणी. बाईंशी त्याचे विशेष जमते, कारण गोव्याच्या भाजीतली मोठी आवक बेळगावची. फ्रीजमधला कोबी हातात घेऊन तो ओळखीच्या माणसाकडे बघावे तसा बघतो. हा आपल्याआधीच घाट उतरून आला, याचा त्याला अभिमान वाटतो.

निपाणीकर हा याचाच पोटप्रकार. तो आजरा, आंबोली, सावंतवाडी असा उतरतो आणि बोलण्यात कोल्हापूरकडे झुकतो. त्याची गाठ हाताने सिगारेट वळणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी पडते. "बघू मर्दा," म्हणत तो त्यांच्या पुडीतली चिमूट तळहातावर घेतो, अंगठ्याने चोळतो, हुंगतो आणि मान हलवतो. या माणसाचे वडील १९८१ च्या तंबाखू आंदोलनात महामार्गावर बसलेले असतात. फिरंगी पाकिटावरच्या चित्राला तो कसा भुलणार? स्वतःचा माल आणि चुन्याची डबी बाहेर निघते. एक इटालियन नको तितका मोठा बार भरतो आणि उरलेली संध्याकाळ वाळूत बसून काढतो.

समुद्राशी दोघांचाही संबंध बेताचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेला ओरडून घेतले की झाले.

रविवारी निघताना सॅकमध्ये काजू असतात. आणखी काय असते ते नाक्यावरच्या तपासनिसाला विचारावे. निघण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाला आमंत्रण मिळते: "ये की एकदा बेळगावला." शहरी पाहुणे हे बोलणे वरवरचे समजून हसतात. डच माणूस समजत नाही. पुढच्या महिन्यात तो खरोखर टिळकवाडीत उतरतो, त्याला कुंद्याची तिसरी वाटी संपवायला लावतात, आणि रात्री बाहेरच्या खोलीत काका आणि दोन भाचे यांच्या मधोमध त्याची गादी पडते. दिवा एकच असतो आणि त्याचे बटण काकांच्या उशाशी. पडदा कुठे लावायचा, हे तो दोनदा विचारतो.