शिकवत होतो, शिक्षक नव्हतो

आमच्याकडं मास्तर व्हायला फार काही लागत नाही. बी.एस्सी. झालेला, कुठं चिकटलेला नाही आणि घरच्यांच्या डोळ्यांवर आलेला तरुण दिसला की जवळची एखादी 'इंग्लिश स्कूल' त्याला टाय बांधून वर्गात उभं करते. लातुरातल्या अशाच एका शाळेत मी गणित शिकवू लागलो. शिकवता शिकवता केस पिकले. पहिल्या तुकडीतली पोरं लग्नाच्या पत्रिका घेऊन येऊ लागली. आणि २०१७ साली संसदेनं शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली: अप्रशिक्षितांनी ३१ मार्च २०१९ पर्यंत प्रशिक्षण पुरं करावं, नाहीतर नोकरी विसरावी. म्हणजे इतकी वर्षं मी शिकवत होतो हे खरं, पण शिक्षक नव्हतो.

'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं. ते १९८९ साली निघालं. पण आमच्या घरात गंगा शिरली ती नोएडाहून. तिथल्या एनआयओएस या मुक्त शिक्षण संस्थेनं आमच्यासारख्यांसाठी अठरा महिन्यांची डी.एल.एड. पदविका काढली. व्हिडिओ 'स्वयम्' पोर्टलवर, तेच पुन्हा 'स्वयंप्रभा'च्या वाहिनीवर, शिवाय हातानं लिहायचे स्वाध्याय आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्र. देशभरातून १३ लाखांहून जास्त मास्तरांनी नावं घातली. एवढे लोक शिक्षक नसताना देश शिकत होता, हे त्या देशाचं कौतुकच म्हणायचं.

आमच्या घरात रेंज येते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथं डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून मी अभ्यासाला बसायचो. त्यामुळं सगळा कोर्स भाकरी थापता थापता बायकोनंही ऐकला, आणि माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकला. एकदा पोरगं मोबाईलसाठी फरशीवर लोळत होतं. मी हात उगारला तर ही म्हणाली, "अहो, तो मूर्त क्रियात्मक अवस्थेत आहे. पियाजे काय म्हणतो, विसरलात का?" स्वित्झर्लंडच्या त्या भल्या माणसानं मुलांच्या बुद्धीच्या चार अवस्था सांगितल्या. बापाची काय अवस्था होते, ते त्यानं कुठं लिहिल्याचं व्हिडिओत तरी आलं नाही.

व्हिडिओतला वर्ग मोठा देखणा होता. मोजकी पोरं, गोलात बसलेली, मधे हसऱ्या बाई. आमच्या वर्गात पोरं गोलात बसवायची म्हटलं तर निम्मा गोल व्हरांड्यात जातो. त्यात हे लातूर. इथं चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लागतात आणि पाचवीच्या पोराचा बाप 'नीट'ची चौकशी करतो. त्याला मी 'आनंददायी शिक्षण' समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "आनंद चालतोय सर, पण आउट ऑफ पडायला पाहिजेत."

अभ्यासकेंद्र मी मुद्दाम नांदेडचं घेतलं. तिथं आई असते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी निघायची. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत गाडी अडकली तेव्हा माझ्या कानात 'वर्ग व्यवस्थापन' चाललं होतं आणि खिडकीबाहेर एक म्हातारा गाढवांचा अख्खा तांडा नुसत्या 'हुर्र'वर रस्त्याच्या कडेला लावत होता. त्याच्याकडं पदविका नव्हती. मी व्हिडिओ बंद करून त्याच्याकडं बघत बसलो.

आई मात्र नाराज. "साऱ्या गल्लीला सांगून बसले, पोरगा मास्तर हाय म्हणून. आन् आता शिकूलालास व्हय?"

केंद्रावर मुखेडचे, कंधारचे, देगलूरचे मास्तर मागचे बाक धरून बसायचे. समोर शिकवायला उभा राहिला तो माझाच जुना विद्यार्थी. त्यानं आधी पाया पडून घेतलं आणि मग हजेरी घेतली. 'शिक्षणाचं अंतिम ध्येय' यावर तो जीव तोडून बोलला. संपल्यावर मागून आवाज आला, "सर, हे परीक्षेला येतं का?" येत नव्हतं. सगळ्यांनी वह्या मिटल्या.

स्वाध्यायाचा एक प्रश्न होता: 'नावीन्यपूर्ण अध्यापनाचा स्वतःचा अनुभव लिहा.' झेरॉक्सच्या दुकानात स्वतःचा अनुभव तयार मिळत होता. त्यात गुरुजी मुलांना आंब्याच्या झाडाखाली नेतात आणि पानं मोजायला लावून गुणाकार शिकवतात. दुकानासमोरची रांग बघता, त्या वर्षी आमच्या भागातल्या आंब्यांची पानं बरीच मोजली गेली असावीत.

मुदतीच्या आत मी पास झालो. आईनं पेढे वाटले. पण आपल्याकडं शिक्षक होणं एवढ्यात संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अठरा महिन्यांची ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ रोजी जे नोकरीत होते आणि १ एप्रिल २०१९ च्या आत पास झाले, त्यांची पदविका ग्राह्य. मी सुटलो. मग १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला: ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त उरलीत, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं. दीडशे गुणांचा पेपर, नव्वदला पास. बालमानसशास्त्र आहेच. बायको म्हणते, "तुम्ही नुसतं डब्याला मोबाईल टेकवा, बाकीचं मी बघते." माझं मत विचाराल तर फॉर्म तिच्या नावानं भरावा.

वाचकहो, तुमच्या ओळखीत आमच्यासारखा कोणी अठरा महिन्यांवाला मास्तर असेल, तर 'झालात का एकदाचे शिक्षक?' असं त्याला विचारू नका. त्यापेक्षा पोराला त्याच्या वर्गात बसवा आणि महिन्यानं पाढे म्हणून घ्या. शिक्षक झाला की नाही, त्याचा निकाल तेवढ्यात लागतो. बाकीचा निकाल पुढच्या तारखेला.