‘सगळं ओरिजिनल’साहेबांस अनावृत पत्र

श्री. ओरिजिनलसाहेब यांसी,
सोमवार ते शुक्रवार मु. मुंबई, शनिवार-रविवार ता. अलिबाग

स.न.वि.वि.

आपलं नाव आम्हांला ठाऊक नाही. आपण एकटेच असता तर विचारूनही घेतलं असतं. पण दिवाळी सरली की वरसोलीपासून रेवदंड्यापर्यंत आपल्यासारखी मंडळी जुन्या गाड्यांच्या शोधात फिरू लागतात. लिननचा सदरा, हातात फोन, फोनमध्ये टॉर्च. पडवीत, गोठ्यात, वाडीत ताडपत्रीखाली काही झाकलेलं दिसलं की टॉर्च पेटते आणि पहिला प्रश्न येतो : "सगळं ओरिजिनल आहे ना?" गाडी चालते का, हे फार तर चहा झाल्यावर विचारतात, बहुधा विचारतच नाहीत. तेव्हा आपणां सर्वांना मिळून हे एकच पत्र. टपालखर्च वाचला.

विषय आमच्या प्रीमियर पद्मिनीचा, १९८२ सालच्या. आमच्या अण्णांनी नंबर लावून, वाट पाहून पाहून घेतलेली. आपण बॉनेट उघडायला लावलंत, मारुती ८०० चा अल्टरनेटर पाहून "च्च च्च" केलंत. पुढच्या सीट एस्टीमच्या आहेत म्हटल्यावर "अरेरे". आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली नसून खाली जमिनीतून वर आलाय हे पाहिल्यावर आपल्या तोंडून निघालं, "खून केलात हो गाडीचा!" एवढं बोलून आपण निघून गेलात, त्यामुळे पंचनामा अर्धाच राहिला. तो पुरा करून देणं आमचं कर्तव्य आहे. रेडिएटरचा पंखाही ८०० चा. पेट्रोल पंप विजेवर चालणारा. मागच्या दाराचा आतला हँडल प्रीमियरच्याच ११८ एनईचा. डावीकडचा आरसा रिक्षाचा. वायपरची मोटर कुठली, हे आता बसवणाऱ्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

आता मयत व्यक्ती रोज सकाळी रेवदंड्याच्या बाजारात जाऊन मासळी घेऊन येते, ही गोष्ट वेगळी.

आपल्याला पत्रा मूळचा हवा होता. साहेब, समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याला ओरिजिनल पत्रा फार आवडतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्रा हीच तिची हाडं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, त्यांत सुरूच्या काड्या आणि वाळू बसली की दार आतून भरतं आणि रंगाला बाहेरून फोड येतात. फोड दिसला म्हणजे आतला पत्रा कधीच गेलेला असतो. म्हणून आमच्याकडे पावसाळ्याआधी दोन कामं ठरलेली : भोकांत तार फिरवायची आणि गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासायचं. एवढं करूनही ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला. चटई उचलली की खालचा रस्ता दिसे. तो पत्रा बदलला, सिल बदलल्या, वेल्डिंग केलं, लांबी भरली. मूळचा पत्रा जपायचा असेल तर तो कुर्ल्याच्या कारखान्यातच ठेवायला हवा होता. इथे नारळाच्या सावलीत जपलेली वस्तूही गंजते.

अल्टरनेटरचं सांगतो, कारण तिथेच आपलं मन जास्त दुखावलं. मूळच्या डायनामोचा स्वभाव असा की इंजिन जोरात फिरलं तरच तो चार्जिंग देणार. गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्याला जो अडकलाय त्याला वेगळं सांगायला नको : गाडी उभी, इंजिन मंद, दिवे तांबडे पडत चाललेले, बॅटरी उतरत चाललेली. मिस्त्रीने डायनामो उतरवून ओट्यावर ठेवला, मारुतीचा अल्टरनेटर त्या जागी धरून पाहिला. कान जुळेनात. मग जाड लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये पकडून ठोकून वाकवली, भोकं पाडली, त्यातलं एक मुद्दाम लांबट ठेवलं, पट्टा ताणता यावा म्हणून. पुली पेणच्या टर्नरकडून भोक जुळवून आणली. शेवटी क्रँकच्या पुलीपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत सुतळी ताणली, एक डोळा मिटला, आणि सुतळी दोन्हीकडे सारखी टेकेपर्यंत एकेक वॉशर घालत-काढत बसला. लेझर वगैरे नाही. मी विचारलं, "कंपनीने असं का नाही दिलं?" तो म्हणाला, "गारी चालते ना? मंग झाला."

पेट्रोल पंपाचंही तेच. मूळचा पंप इंजिनाला चिकटून. उन्हात गर्दीत थांबलं की तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद. मुंबईचे टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं टाकायचे. तो ओरिजिनल उपाय आम्हीही पुष्कळ वापरला. फडकं कायम डिकीत असे. विजेचा पंप टाकीजवळ बसवल्यापासून ते फडकं काच पुसायला मोकळं झालं.

मात्र गिअरबॉक्सच्या बाबतीत आपण अंमळ घाई केलीत. स्टिअरिंगखालच्या दांड्याचे बुश झिजले की गिअर शोधावा लागतो, आणि चढावर शोधाशोध करायला वेळ नसतो. म्हणून आम्ही ११८ एनईचा निस्सान गिअरबॉक्स बसवला. पुढे शेवटच्या पद्मिन्यांत कंपनीनेही निस्सानचाच गिअरबॉक्स दिला, दांडा खाली. तेव्हा खुनाचा गुन्हा नोंदवायचाच असेल तर आरोपी क्रमांक एक म्हणून कंपनीचं नाव घालावं. आम्ही सहआरोपी म्हणून आनंदाने उभे राहू.

ओरिजिनलचा विषय निघालाच आहे तर थोडी वंशावळ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडल्या गेल्या, मग इटालियन फियाट आल्या. आपण जिला मूळ भारतीय रूप म्हणता ती १९६२ ची इटालियन ११०० डी. तिकडे ती १९६६ साली बंद झाली. इकडे १९६४ ला सुरू झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. तिच्याच घरची ११८ एनई आली १९८५ मध्ये : बॉडी फियाट १२४ ची, तिचे साचे स्पेनच्या ‘सीट’ कंपनीचे, आणि इंजिन-गिअरबॉक्स जपानी निस्सानचे. तीन देशांचा संसार, आणि त्यावर नाव प्रीमियर. त्याच काळात कलकत्त्याला काँटेसा निघाली. अंगाने इंग्लंडची व्हॉक्सहॉल, पण आत आधी अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन घातलं; ते तिला ओढवेना म्हणून मग जपानच्या इसुझूचं घातलं. पुढे तेच अ‍ॅम्बेसेडरलाही मिळालं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तर रोव्हर एसडी१ ची देखणी बॉडी आणून तिच्यात जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं इंजिन बसवलं. ती मात्र फसली. आमचा मिस्त्री तिथे असता तर त्याने बॉनेट उघडताच नाही म्हणून सांगितलं असतं, असं मला उगाच वाटतं.

म्हणजे एकाची बॉडी, दुसऱ्याचं इंजिन हा उद्योग कारखान्यात झाला तेव्हा फीत कापली गेली आणि लोकांनी पैसे भरून रांगा लावल्या. आमच्या गावात फणसाखाली झाला की टॉर्च पेटते.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मान्य. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत. त्यामागचं कारणही खरं आहे. जीपचं छप्पर कापून, टायर फुगवून काशीदच्या वाळूत लाटांशी खेळणारे वीर आम्ही दर मोसमात ट्रॅक्टर लावून बाहेर काढतो. आमचं तसं नाही : आरसी पुस्तकात लिहिलेलं इंजिन तेच आहे, बॉडी तीच आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला पेणच्या आरटीओत नेली तेव्हा नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले, पुस्तकाशी जुळले. अल्टरनेटर कुठला, हे कोणी विचारलं नाही. शुल्काचं मात्र सांगायला हवं : पंधरा वर्षं उलटलेल्या कारच्या नूतनीकरणाला सहाशे रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. म्हातारपण सरकारलाही महाग वाटतं.

आपण जाताजाता सल्ला दिलात : पुन्हा ओरिजिनल करा, पन्नास वर्षं झाली की विंटेजमध्ये नोंदवा, ‘व्हीए’ नंबर मिळेल. ते २०२१ चे नियम आम्हीही वाचले. गाडी मूळ स्वरूपात हवी, बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. वीस हजार रुपये भरायचे, आणि नंतर ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली आणि पेट्रोल भरायला तेवढं जायचं. २०३२ मध्ये आमची पन्नाशीची होईल. तेव्हा सुरमई आणायला कोणी जायचं, तेवढं नियमात सापडलं नाही.

आता एक नाजूक विषय. आपला बंगला आम्ही पाहिलाय. आत नाही, गडग्यावरून; पण मासिकात आतलेही फोटो आले होते. ‘अस्सल कोकणी घर’ असा मथळा होता. सागवानी खांब तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या पाडलेल्या वाड्यांतले, दरवाजा गुजरातमधल्या हवेलीचा, कौलं मंगळुरी, झोपाळ्याच्या कड्या जोधपूरच्या. आतल्या चुलीत गॅस. ज्याने हे सगळं जमवलं त्याला वास्तुविशारद म्हणतात आणि त्याचा फोटो निराळा छापतात. आमच्या मिस्त्रीचा फोटो आधार कार्डावर आहे. घर छान झालंय, खोटं कशाला बोलू. खांब तर दृष्ट लागावी असे. फक्त असल्या घराचे मालक असून आपण आमच्या मारुतीच्या अल्टरनेटरला "च्च च्च" केलंत, तेवढं जरा.

आणखी एक ऐकलं. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा आपण फार हळवे झालात म्हणे. त्या टॅक्सीत मूळचं काय उरलं होतं, ते एखाद्या टॅक्सीवाल्याला विचारून पाहा. त्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारातून येत. कुर्ल्यातला तो कारखाना गेला, त्या जागी आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. भंगाराची दुकानं तेवढी टिकली. वर्षानुवर्षं त्या गाड्या चालल्या त्या या दुकानांच्या जिवावर. नुसत्या प्रेमाने क्लचप्लेट येत नाही.

बोलण्याच्या भरात अधिकउणं झालं असेल तर पोटात घालावं. पुढल्या खेपेस येणं झालं तर चहा घेऊन जावं. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सहआरोपी
मु. पो. चौल, जि. रायगड

ता.क. आपल्याला ओरिजिनलच हवं असेल तर एक तोडगा आहे. अण्णांना वस्तू टाकवत नसे, त्यामुळे या गाडीतून उतरलेलं सगळं आमच्या पोटमाळ्यावर गोणत्यांत बांधून ठेवलंय. डायनामो, कटआउट, पेट्रोल पंप, स्टिअरिंगखालचा दांडा बुशांसकट, पुढची सीट (एका बाजूने उंदरांनी खाल्लेली), क्रोमचा डावा आरसा, पायाखालचा पत्रा दोन तुकड्यांत. सगळं कुर्ल्याचं, अस्सल, आणि यातलं काहीही चालत नाही. एकगठ्ठा घेतलंत तर भाव करू. इंजिन मात्र देता येणार नाही. ते मूळचंच आहे, पण वापरात आहे.