चौथ्या दिवशी बजेट दहापट करायला लावणाऱ्या सल्लागारांस

सल्लागार महाशय,



या पत्रात तुमचं नाव घेतलेलं नाही, पण तुम्ही स्वतःला ओळखाल. मोडी लिपी शिकवणाऱ्या एका बाईंच्या जाहिरातींचं खातं तुम्ही सांभाळत होतात. जाहिरात सुरू होऊन चौथा दिवस उजाडला आणि तुम्ही त्यांना डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट पाठवलात : ‘मॅडम, लीड पंचवीस रुपयांना पडतंय. आता थांबायचं नाही, स्केल करायचं.’ मी बाईंची जुनी विद्यार्थिनी. हिशेब तपासणं हा माझा पेशा आहे. तुमचे सगळे आकडे बाईंनी माझ्यापुढे ठेवले आणि त्यांच्या परवानगीनंच मी हे लिहिते आहे.

रचना साधी होती. फेसबुकवर जाहिरात. तिच्यावर बोट ठेवलं की एक पान उघडायचं : नाव आणि ईमेल द्या, मोडीच्या मुळाक्षरांची पीडीएफ मोफत घ्या. पुढे तीन आठवडे बाईंची पत्रं ईमेलवर जात आणि शेवटी १,५०० रुपयांच्या वर्गाचं निमंत्रण. रोजचा खर्च ५०० रुपये. चार दिवसांत २,००० रुपये गेले, ८० नावं आली. एवढ्यावर तुम्ही रोजचे ५,००० केलेत.

त्या ८० जणांपैकी वर्गाला पैसे भरलेले किती होते? एकही नाही. असणारच नव्हते, कारण निमंत्रणच तीन आठवड्यांनी जायचं होतं. निमंत्रण जाऊनही ८० जणांत शून्य खरेदी दिसली असती, तरी खरं प्रमाण शून्यही असू शकलं असतं आणि शंभरात साडेतीनही. ८० नावांवरून या दोन टोकांत फरक करता येत नाही. एका टोकाला बाईंचं नुकसान होतं, दुसऱ्या टोकाला चांगला फायदा. तुम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि तरीही तुम्ही ‘थांबायचं नाही’ असं छातीठोक सांगितलंत.

पंचवीस रुपयांना नाव आणि दीड हजारांची फी, म्हणजे ६० नावांमागे एक विद्यार्थी आला की जाहिरातीचा खर्च निघतो, हे तुमचं गणित. त्यावर १८ टक्के जीएसटी लावा. बाई जीएसटीत नोंदलेल्या नाहीत, त्यांना तो परत मिळत नाही. नाव साडेएकोणतीस रुपयांना पडलं. त्यात जाहिरात-खर्चाच्या १५ टक्के तुमची फी घाला. नाव गेलं सव्वातेहेतीसवर. आता ६० नव्हे, ४५ नावांमागे एक विद्यार्थी हवा. बाईंची वेळ आणि वर्गाचा इतर खर्च मी अजून धरलेलाच नाही. या प्रमाणात वीसेक विद्यार्थी भरती झालेले दिसावेत, म्हणजे निदान काही बोलता येईल, असं धरलं तरी ९०० नावं लागतात. रोजच्या ५०० रुपयांत तो दीड महिन्याचा रस्ता आहे. तुम्ही चौथ्या दिवशीच मुक्कामाला पोचल्याचं सांगितलंत.

तुमच्या फीबद्दल स्पष्टच बोलते. खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याला खर्च वाढला की उत्पन्न वाढतं. विद्यार्थी आले काय, न आले काय, त्याला फरक पडत नाही. अशा माणसानं ‘बजेट वाढवा’ म्हणताना हे समोरच्याला आधी सांगायला हवं. तुम्ही सांगितलं नाहीत. दोन आठवड्यांत ७०,००० रुपये जाहिरातीत गेले, त्यातून तुमचे १०,५०० झाले. बाईंची अख्खी गंगाजळी गेली.

आता ती स्वस्त नावं कुठून आली ते पाहू. पहिले चार दिवस जाहिरात बहुतेक बाईंच्या पेजला आधीपासून जोडलेल्या आणि इतिहासाच्या ग्रुपांत वावरणाऱ्या लोकांपुढे गेली. ती माणसं थोडी असतात आणि लवकर संपतात. त्यात तुम्ही मूळ मजकूर बदलून ‘आजोबांचे जुने कागद वाचायचेत?’ असा मथळा टाकलात. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचून देणाऱ्यांना केवढी मागणी आहे, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. घरात एखादं खरेदीखत पडलेल्या माणसाला ते कुणीतरी वाचून द्यायला हवं आहे. तीन महिने बसून लिपी शिकायची त्याला गरज नाही. त्याची नड खरी आहे आणि त्याला मी दोष देत नाही. पण त्याचा ईमेल पंचवीस रुपयांत मिळाला म्हणून तो विद्यार्थी होत नाही. बाईंना आलेल्या उत्तरांत ‘सोबत फोटो पाठवला आहे, वाचून द्याल का’ हीच उत्तरं जास्त होती. तुम्ही ती उघडून पाहिली असतीत, तर जाहिरात चुकीच्या माणसाला बोलावते आहे हे तिथंच कळलं असतं.

एकेका नावाचा दर वाढत गेला तसे तुम्ही सरासरी दाखवत राहिलात. समजा, ५०० रुपयांत २० नावं येतात आणि १,००० रुपयांत ३२. सरासरी सव्वाएकतीस, म्हणजे फार बिघडलं नाही असं वाटतं. पण वरच्या ५०० रुपयांनी फक्त १२ नावं आणली, एकेक जवळजवळ ४२ रुपयांना. वाढवायचं की नाही, हे या वरच्या १२ नावांच्या भावावर ठरवायचं असतं. शिवाय बजेट एकदम एवढं उडवलं की मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, यंत्रणा पुन्हा शिकण्याच्या टप्प्यात जाऊ शकते आणि तिथून बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० नोंदी लागतात, हे मेटाच्याच मदत-पानांवर लिहिलेलं होतं. म्हणून जाणती माणसं एका वेळी पाचवा हिस्सा वाढवतात, काही दिवस थांबतात, भाव पाहतात.

थोड्यावर करून बघणं आणि मग वाढवणं, ही काही नव्यानं शोधायची गोष्ट नाही. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्सनं १९२३ सालच्या पुस्तकात हेच मांडलं होतं : जाहिरात आधी लहान प्रमाणावर तपासा, कुठल्या कुपनानं किती गिऱ्हाईक आणलं ते मोजा. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राची नमुना-पाहणी १९३७मध्ये लहान प्रयोगापासून सुरू केली, दर वर्षी पद्धत आणि खर्च तपासत ती वाढवली आणि १९४१मध्ये सबंध प्रांत घेतला. त्यांच्यामागे संस्था होती, सरकार होतं, तरी त्यांनी घाई केली नाही.

दीड महिना थांबणं परवडत नसेल, तर मधल्या खुणा असतात. बाईंच्या रविवारच्या मोफत तासाला किती जण आले? पत्राला उत्तर कुणी दिलं? सरावाचा कागद कुणी भरून पाठवला? तुम्ही मात्र ‘ओपन रेट’, म्हणजे किती जणांनी पत्र उघडलं तो आकडा, दाखवून बाईंना धीर दिलात. २०२१पासून ॲपलचं मेल ॲप, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, पत्रातली चित्रं आपणहून आधीच उतरवून घेतं. माणसानं पत्र वाचलेलं नसलं तरी ते उघडलेलं म्हणून मोजलं जातं. बाईंच्या यादीत अमेरिकेतली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांच्यात आयफोन भरपूर. त्या आकड्यावर विसंबून तुम्ही आणखी खर्च करायला लावलात.

आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते हे. पीडीएफपुरते आलेल्या शेकडो लोकांना पत्रं जाऊ लागली, त्यांतल्या अनेकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं. जीमेलनं फेब्रुवारी २०२४पासून पाठवणाऱ्यांना बजावलेलं आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. हजारात तीन तक्रारी झाल्या की ती रेषा गाठली. बाईंचा पत्ता ती ओलांडून गेला. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सरळ मिळणारी पत्रं स्पॅममध्ये जाऊ लागली. पेशवेकालीन कागदांच्या वाचनाचा वर्ग ठरला होता, त्याचं पत्रही तिथेच पडलं आणि निम्म्याहून अधिक लोकांना तारीख कळलीच नाही. पैसा एखाद्या हंगामात भरून येईल. बाईंनी एकेका माणसाशी पत्रव्यवहार करून जमवलेला विश्वास ‘स्केल’च्या नावाखाली उधळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता?

आता मागण्या. जाहिरातीचं खातं अजून तुमच्या ताब्यात आहे. त्याचे सर्व अधिकार बाईंच्या नावावर करून द्या. कोणतं नाव कोणत्या तारखेला, कोणत्या मजकुरावरून आलं, याची पूर्ण यादी पाठवा. आम्ही ‘आजोबांचे कागद’वाली नावं वेगळी काढणार आहोत आणि त्या लोकांना एकच पत्र पाठवून कागद वाचून देणाऱ्या जाणकारांची माहिती देणार आहोत. वाढवलेल्या खर्चावर घेतलेली फी परत करा. आणि सध्या ज्या इतर छोट्या शिक्षकांची खाती तुमच्याकडे आहेत, त्यांना तुमची फी कशी ठरते ते या आठवड्यात लेखी कळवा. बाई पुन्हा रोजच्या ५०० रुपयांनी सुरुवात करत आहेत, जुन्याच मजकुरानं. हिशेब मी ठेवणार आहे.

आपली,
मोडी वर्गातली एक विद्यार्थिनी