डॉक्टर नकार यांची चिकित्सापद्धती

अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, टेक्सासचे प्रसूतितज्ज्ञ रॉन पॉल १९७६ साली पोटनिवडणुकीतून प्रथम दाखल झाले आणि मधली काही वर्षे दवाखान्यात घालवून २०१३ पर्यंत एकूण १२ वेळा निवडून आले. लोकप्रतिनिधींच्या कारकिर्दीला कालमर्यादा हवी, या मताचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. ४,०००हून अधिक बाळंतपणे केलेल्या या वैद्याने सभागृहात मात्र कोणतेही विधेयक जन्मास येऊ नये याची इतकी दक्षता घेतली की, ‘डॉक्टर नो’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

राज्यघटनेत स्पष्ट उल्लेख नसलेला खर्च केंद्र सरकारने करू नये, ही त्यांची एकमेव मात्रा असून ती रोग न पाहता दिली जाई. बसमधील जागा सोडण्यास नकार देऊन वर्णभेदाला आव्हान देणाऱ्या रोझा पार्क्स यांना सुवर्णपदक देण्याचा ठराव १९९९ साली ४२४ विरुद्ध १ मतांनी संमत झाला, तेव्हा तो १ म्हणजे हेच डॉक्टर होते. पदकासाठी प्रत्येक सदस्याने स्वतःच्या खिशातून १०० डॉलर द्यावेत, असे त्यांनी सुचवले होते. स्वतःच्या व्यवसायातही त्यांनी सरकारी आरोग्ययोजनांचे पैसे नाकारले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

या पथ्याला एक अपवाद होता. ‘इअरमार्क’ म्हणजे खर्चाच्या विधेयकात सदस्याने आपल्या मतदारसंघातील नेमक्या कामासाठी राखून घेतलेली रक्कम. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या आपल्या मतदारांसाठी, अगदी कोळंबीच्या विक्रीप्रसारासाठीसुद्धा, डॉक्टर अशा रकमांची मागणी नोंदवत आणि मग, विधेयक एवीतेवी मंजूर होणारच या निश्चिंतीने, त्याच विधेयकाविरुद्ध मत देत. त्यामुळे पथ्य साऱ्या देशाला आणि टॉनिक घरच्या रुग्णाला, अशी व्यवस्था सिद्ध झाली. कर आधीच वसूल झालेला असल्याने त्यातला काही भाग मतदारांना परत मिळवून देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्यच होय, हे त्यांचे समर्थन तर्काला धरून आहे, आणि खासदार निधीच्या उद्घाटनपाट्या वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला ते अपरिचितही वाटू नये.

सहाशेहून अधिक विधेयके मांडणाऱ्या या सुधारकाचे एकच विधेयक कायद्यात उतरले: त्यायोगे २००९ साली गॅल्व्हेस्टन येथील एक सरकारी मालमत्ता स्थानिक वारसा-संस्थेकडे सोपवण्याची परवानगी मिळाली.